आवाज वर येतोय का?

चौतीस वर्षं छापखान्यात मशीनवर उभं राहून त्यांचा डावा कान पार गेला होता. उजवा तेवढा धड होता. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना मशीनमनकाका म्हणायचे. निवृत्त झाले तरी ते नाव काही सुटलं नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी सवयीनं पहाटे जाग आली. कामावर तर जायचं नव्हतं. आता करायचं काय, म्हणून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. अंधार जरा विरळ झाला तसा समोरच्या झाडावरून एक दयाळ पक्षी बोलला. एकच लांब शीळ, मग थोडं थांबून दुसरी, शेवटाला किंचित वळण दिलेली. मागोमाग बुलबुल जागे झाले. चिमण्यांनी गलका केला. आणि खालच्या कुंपणाच्या झुडपातून एक एवढासा शिंपी पक्षी आपल्या देहाच्या दसपट आवाजात ओरडायला लागला. मशीनमन चकित झाले. हे सगळं रोज चालत होतं आणि आपण आयुष्यभर त्या वेळी डबा घेऊन बसथांब्यावर धावत होतो! त्या दिवसापासून उजवा कान झाडाकडे करून बसायचा त्यांचा नेम झाला.

नेमात अडचण एकच होती. गॅलरीला लागून असलेल्या खोलीत सुनेचं पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं. मुलगा परगावी नोकरीला, तो महिन्यातून दोनदा यायचा. सून दिवसभर एका दवाखान्याच्या काउंटरवर बसायची. शिलाईला वेळ मिळायचा तो पहाटेच, पाच ते साडेसात. शाळेचे गणवेश, परकर, उशांचे अभ्रे, जे येईल ते ती शिवायची.

एके दिवशी दयाळ ऐन रंगात आला असताना मशीन धडधडलं, आणि मशीनमन खुर्चीतूनच ओरडले, "अगं, जरा दम धर की! आयुष्यभर मशीनच ऐकत आलोय. आता म्हातारपणी तरी कानाला सुख लागू दे."

सून "बरं, बाबा" म्हणाली. त्यानंतरही दोन-तीनदा ते करवादले. मग एके दुपारी डोळे तपासून घरी आले, तर मशीनची जागा रिकामी.

"मशीन कुठाय?"

"दुरुस्तीला गेलंय," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि विषय तिथंच संपला. पुढे चार महिने मशीन आलं का नाही, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

त्या चार महिन्यांत त्यांचा कान चांगलाच तयार झाला. दोन दयाळांतला कोणता कोणत्या फांदीवर बसतो, हे ते न बघता सांगायचे. ऐकायला कुणी मिळालं की सांगायचेच. एका शनिवारी न्हाव्याच्या दुकानात गळ्याभोवती कापड गुंडाळून बसले होते, बाकावर आणखी तिघं होते, आणि त्यांची गाडी रुळावर आली.

"पाखरं ऐकायची तर घरात शांतता पाहिजे. आमच्याकडे पहाटे टाचणी पडली तरी ऐकू येते. आणि तो शिंपी! एवढासा जीव, पण काय गळा!"

न्हावी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. तो कात्री चालवत सहज म्हणाला, "शांतता असणारच की, काका. झुडपातल्या शिंप्याला ऐकायला घरातल्या शिंपिणीला तुम्ही जिन्याखाली बसवलंय!"

बाकावरचे तिघं हसले. मशीनमनना आधी उलगडाच होईना. "म्हणजे?"

आरशात न्हाव्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला... मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत. मीटरच्या खोलीत शिवते ना ती. चार महिने झाले. मशीन खाली आणताना काकूंचा पाय घसरला, तेव्हा मीच दुसरी बाजू धरली होती."

अर्धी हजामत राहिलेली, उठून जाताही येईना. कात्री कानाजवळ वाजत राहिली आणि मशीनमन आरशातल्या स्वतःकडे बघायचं टाळत खाली मांडीवरचे केस बघत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाराची कडी अगदी हळू निघाल्याचं त्यांनी अंथरुणातूनच ऐकलं. चपला हातात घेऊन कुणीतरी जिना उतरलं. पाच मिनिटांनी तेही उतरले.

मीटरची खोली म्हणजे जिन्याच्या उताराखाली कोंबलेला एक कोनाडाच. भिंतीवर ओळीनं मीटर, कोपऱ्यात पाण्याचा पंप, वर एक पिवळट बल्ब. उभं राहिलं तर डोकं आपटेल. सून शाल गुंडाळून मशीनवर वाकली होती, मशीनच्या पॅडलखाली आवाज दबावा म्हणून जुनी सतरंजी घडी करून घातलेली. दारात सावली पडली तशी ती दचकली. पाय जागच्या जागी थांबले.

"बाबा," ती घाईनं म्हणाली, "आवाज वर येतोय का?"

मशीनमननी तोंड उघडलं. रात्रभर जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "नाही," एवढंच ते म्हणाले, आणि परत जिना चढले.

गॅलरीत बाहेर दयाळ गात होता. त्यांना तिथं बसवेना. आत येऊन त्यांनी बायकोला हलवलं. "तुझा पाय घसरला होता?"

ती सगळं समजली. "मुरगळला होता. झाला बरा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. "पोर म्हणाली, आई, बाबांनी जन्मभर खपून घर चालवलं, एवढं एक मागतायत. मी काय बोलणार?"

सून वर आली तेव्हा ते दारातच उभे होते. "मशीन वर आण," ते म्हणाले, आणि स्वतःचा हुकमी सूर ऐकून आणखीच ओशाळले. "म्हणजे... आणू या. माझं चुकलं, पोरी."

ती गोंधळली. "राहू दे हो, बाबा. चाललंय तिथं. सवय झाली आता."

"अगं, पण..."

"खरंच राहू दे. वर असलं की माझंच लक्ष लागत नाही." आणि ती डबा भरायला आत गेली.

पुढच्या रविवारी मुलगा आला. जेवताना मशीनमननी सगळ्यांसमोर ताट बाजूला सारलं. "तुझ्या बायकोला मी जिन्याखाली घातलं, तुला ठाऊक आहे?"

मुलगा घास चावत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "हो."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळी इमारत चार महिने त्यांच्या सुखासाठी पाय न वाजवता चालत होती, आणि ते गावभर आपल्या कानाची तारीफ करत फिरत होते. त्यांनी जेवण अर्धंच टाकलं, हात धुतला, मुलाला म्हणाले, "चल, एक बाजू तू धर."

सून नको नको म्हणत मागून जिना चढत होती. मशीन आधीच्या खोलीत नाही, थेट गॅलरीत ठेवलं त्यांनी. घरातला पहाटेचा उजेड पहिल्यांदा तिथंच येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खुर्ची उचलून आत नेली.

सोमवारी पहाटे ते आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले. मशीन सुरू झालं. धडधड वीसेक टाके चालली आणि थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. दोरा तुटत असेल, असं त्यांना वाटलं. पाच-सहा वेळा असं झाल्यावर त्यांनी उजवा कान पुढे केला. दयाळ बोलला की मशीन थांबत होतं. तो गप्प झाला की चालू होत होतं.

ते उठून गॅलरीच्या दारात गेले. "का थांबतेस?"

"अं?" तिनं वर पाहिलं. तिच्याही लक्षात आलं नसावं. मग ती ओशाळवाणं हसली. "तुम्ही दम धर म्हणालात ना, तेव्हा खोलीत शिवताना लागलेली सवय. तो बोलला की पाय आपोआप थांबतात."

म्हणजे मशीन खाली जायच्या आधीपासून ती थांबत होती. त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. धडधड तेवढी ऐकू आली होती.

"थांबू नकोस," ते म्हणाले.

"नाही थांबत," म्हणून तिनं मान खाली घातली आणि शिवण धरली.

ते स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं. साखर कुठल्या डब्यात असते हे ठाऊक नव्हतं. तीन डबे उघडून पाहिले. बाहेर झाडावरून एक लांब शीळ आली. गॅलरीतलं मशीन पुन्हा थांबलं, आणि मशीनमनांचे दोन्ही कान, धड आणि बहिरा, लाल झाले.