तिन्ही फोटोंत नसलेला माणूस

काकांनी दोन बोटांनी बँकेतल्या बाईंची हनुवटी एवढीशी वर उचलली, एक डोळा मिटून अंदाज घेतला आणि ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं.

"बाई, पोट सोडा. फोटोत मानेच्या खालचं काही येत नाही."

बाई हसल्या, पोट सुटलं, चेहरा सैलावला आणि काकांनी बटण दाबलं.

स्टुडिओत येणाऱ्या माणसांची काकांच्या डोक्यात पक्की वर्गवारी होती. पोट आत ओढणारे, श्वास रोखणारे, आरशासमोर दहा मिनिटं केस नीट करून स्टुलावर बसताच पुन्हा हात फिरवून ते विस्कटणारे. प्रत्येक वर्गासाठी एक वाक्य ठरलेलं होतं आणि ते कधी वाया जात नसे. दिव्यांच्या जागाही ठरलेल्या. फरशीवर लाल रंगाच्या तीन खुणा होत्या, दोन दिव्यांच्या आणि एक स्टुलाची. काकांच्या वडिलांनी आखलेल्या. 'तीस वर्षांत ओळखपत्राचा एक फोटो परत आलेला नाही' हे काका दिवसातून दोनदा तरी सांगत. ऐकणाऱ्यानं विचारलंच पाहिजे अशी अट नव्हती.

दारावरची घंटी वाजली.

दारातला माणूस इतका उंच होता की आत येताना त्याला मान झुकवावी लागली. काळा. आपल्यात एखाद्याला कौतुकानं सावळा म्हणतात तसा नव्हे. रुळांपलीकडे राहणाऱ्या त्या लोकांतला, ज्यांच्याबद्दल या गल्लीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि ज्यांच्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नव्हतं.

बाईंनी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. मग मांडीवरून पोटाशी.

"वहिनी दिसत नाहीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"बहिणीकडे गेलीय. येईल दुपारपर्यंत."

"मग बसते मी थोडा वेळ. मला कसली घाई."

घाई नसलेल्या बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बँक काही त्यांना सोडत नव्हती. अनोळखी माणसाकडे काचेआडून पाहावं तसंच त्या अजूनही पाहत.

"ओळखपत्राचा फोटो हवा होता, साहेब," तो माणूस म्हणाला. दोन्ही हात पुढे, दिसतील असे धरलेले. बोलणं स्वच्छ, चूक काढायला जागा नाही असं. त्याचाही काकांना उगाच संशय आला.

"बसा. समोर बघा. झालं."

सगळं मिळून चार मिनिटं. हनुवटी वर घ्यायची ती काकांनी लांबूनच हवेत बोट उचलून दाखवली. त्याच्या वर्गाचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतंच. छपाई बाहेर आली तेव्हा पांढऱ्याशुभ्र पडद्यावर एक काळा आकार होता आणि त्यात दोन डोळे. काका क्षणभर थबकले. आहे तसाच तर आलाय, असं मनाशी म्हणून त्यांनी फोटो पाकिटात घातला.

तो गेल्यावर बाई उठल्या. "बघा, मी होते म्हणून."

"म्हणून काय?"

"म्हणून काही झालं नाही."

काकांनी वाद घातला नाही. त्यांनाही मनातून तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दिव्यांवरची धूळ झटकत होते आणि घंटी वाजली. तोच माणूस. या वेळी हातात कागद होता आणि मान झुकवून आत येताना त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते काकांना वाचता येईना. त्यांनी आधी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे.

"अगं, जरा बाहेर येतेस का?"

काकू बाहेर आल्या. संगणकावरचं सगळं काम त्यांचं. सुरकुत्या किती पुसायच्या आणि किती ठेवायच्या, हे गिऱ्हाइकाकडे एकदा बघून त्या ठरवत.

माणसानं टेबलावर तीन फोटो मांडले. अगदी सरळ रेषेत. दोन दुसरीकडे काढलेले, तिसरा काकांनी काढलेला.

"कचेरीतून परत आला, साहेब. हाही." त्यानं कागद उलटा करून काकांसमोर सरकवला. 'चेहरा ओळखू येत नाही', खाली शिक्का. "या तिन्हींत मी नाही."

काकांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तीस वर्षांचं वाक्य एका शिक्क्यानं संपलं होतं.

"हे बघा, दिवे तेच आहेत, कॅमेरा तोच, जागा तीच. इतक्या लोकांचे फोटो निघतात त्यावर. आता यात माझा काय दोष?"

"म्हणजे चेहऱ्याचा दोष?" काकूंनी विचारलं.

"मी असं म्हटलं का?"

"नाही, मी आपलं हिशेबानं विचारलं. दिव्यांचा नाही, कॅमेऱ्याचा नाही, तुमचा तर नाहीच. मग राहिलं काय?"

काकांनी उगाच कॅमेऱ्याची काच पुसली. माणूस मात्र निघत नव्हता.

"भांडायला आलो नाही मी," शेवटी तो म्हणाला. "शहर बसचा ड्रायव्हर म्हणून निवड झालीय. सहा महिने शिकलो, परीक्षा दिली. शुक्रवारी ओळखपत्र जमा केलं नाही तर यादीतल्या पुढच्याला घेतील. ते बसमध्ये लावतात ना, प्रवाशांना ड्रायव्हर कोण ते कळावं म्हणून. त्यात असा काळा चौकोन लावला तर कोण चढेल?" तो थोडासा हसला. "तसेही चढताना दोनदा बघतात."

आज बुधवार होता.

"मग पुन्हा इथंच का आलात?" काकांनी विचारलं. हा प्रश्न मात्र खरा होता.

"मित्र नको म्हणाला होता. म्हणाला, ते लोक आपले फोटो मुद्दाम खराब काढतात."

"मुद्दाम?" काका उसळले. "मुद्दाम फोटो खराब काढायला मी काय..." आणि ते अडकले. मुद्दाम नव्हता काढला. पण नीटही काढला नव्हता, हे त्या चार मिनिटांना ठाऊक होतं.

"आमच्या गल्लीतले आणखी दोघं आले होते तुमच्याकडे, मागच्या वर्षी. त्यांचेही परत आले. ते आता स्टेशनच्या पलीकडे जातात, तासभर लांब."

"मला कुणी सांगितलं नाही कधी."

"सांगायला या दारातून परत आत यावं लागतं, साहेब."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी एकही टोमणा मारला नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळला.

काका उठले. "जरा इकडे, दाराशी या. उजेडात."

दाराच्या काचेतून सकाळचं ऊन तिरकं आत येत होतं. काकांनी त्या माणसाकडे पाहिलं. काल ते त्याच्याकडे बघत होते ते दारातून काय आत आलंय हे बघण्यासाठी. आता ते धंद्यानं बघत होते. गालाच्या हाडावर तांबूस झाक होती. कपाळाच्या कडेला रंग जवळजवळ निळा पडत होता. डाव्या भुवईत जुनी खूण, हनुवटीखाली सकाळी दाढी करताना पडलेला ताजा ओरखडा. एका चेहऱ्यावर इतके रंग, आणि आपण छापला एक.

"काळा नाहीच आहे हा," ते पुटपुटले.

"आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"तसं नव्हे हो. म्हणजे, आहात. पण नुसते नाही." काकांना बोलता येईना, तेव्हा ते कामाला लागले. "मागचा पांढरा पडदा कॅमेऱ्याला फसवतोय. त्याला वाटतं खोलीत भरपूर उजेड आहे, म्हणून तो सगळंच दाबतो. आपली माणसं त्यात निभावून जातात. तुम्ही बुडता. अगं, ती पांढरी चादर आण बरं. आणि स्टूल पुढे, आणखी पुढे."

"खुणेच्या बाहेर?" काकूंनी डोळे मोठे केले. "मामंजींच्या?"

"त्यांनी आपल्या घरातल्या माणसांना बसवून आखल्यात त्या."

दिवा कडेला गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. काकू चादर पसरून उभ्या राहिल्या, उजेड तिच्यावर आपटून चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पडावा म्हणून. पहिल्या फोटोत कपाळ चकाकलं. दुसऱ्यात नाक हरवलं. तिसऱ्यात काकूंचा अंगठा आला.

"हसू का नको?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तुम्हाला काय बरं वाटतं?"

"तेच तर कळत नाही. हसलो तर लोक विचार करतात, हा कशाला हसतोय. नाही हसलो तर बाजूला सरकतात. मधलं काही तरी करतो मी, ते आरशात फार वाईट दिसतं."

काकूंना हसू फुटलं आणि चादर हलली. "चादर!" काका ओरडले, आणि तेवढ्यात घंटी वाजली.

बँकेतल्या बाई आपले फोटो न्यायला आल्या होत्या. त्यांनी पाहिलं ते असं: कालचा माणूस स्टुलावर, काका त्याच्या तोंडाजवळ वाकलेले, आणि वहिनी चादर उंच धरून उभ्या.

"अगं बाई! सगळं ठीक आहे ना?"

"बरं झालं आलात. हे दुसरं टोक धरा," काकू म्हणाल्या. "माझे खांदे भरून आलेत."

"मी?"

"हात आहेत ना तुम्हाला? ती पर्स ठेवा खाली."

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पर्स ठेवायला एकच मोकळी जागा होती, स्टुलाच्या पायाशी. ती तिथं ठेवून त्यांनी चादरीचं टोक पकडलं आणि ड्रायव्हरपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. चार फोटो झाले, सहा झाले. बाईंचा हात हळूहळू खाली येऊ लागला.

"बाई, मी धरू का जरा?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तुम्ही गप बसा. तुमचाच फोटो आहे ना? हलू नका," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या. मग टोक त्यांनी पहिल्यापेक्षा वर धरलं. "काका, त्यांच्या या बाजूला सावली पडतेय बघा. कानाखाली."

काका पुढे झाले. हात उचलला आणि हवेतच थांबवला.

"हनुवटी जरा वर घेऊ का तुमची?"

"घ्या की."

दोन बोटांनी काकांनी त्याची हनुवटी वर उचलली. ओरखडा चुकवून.

शुक्रवार गेला. शनिवारी काकांनी तीनदा काकूंना सांगितलं की कचेरीतल्या लोकांना उजेडातलं काही कळत नाही. रविवारी जुन्या फायली उघडून ते संगणकासमोर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. त्यांनी चौदा चेहरे शोधले. चौदाही पांढऱ्यावर काळे. काकूंनी मागून येऊन पाहिलं आणि चहाचा कप बाजूला ठेवून गेल्या.

सोमवारी दुपारी ड्रायव्हर आला तो गणवेशात. मान झुकवून आत शिरला आणि काकांनी माणसाआधी त्याच्या छातीवरच्या ओळखपत्राकडे पाहिलं. गालावरची तांबूस झाक होती. भुवईतली खूण होती. मधलं हसू होतं, आणि ते वाईट दिसत नव्हतं.

"घेतलं त्यांनी?" तरीही काकांनी विचारलं.

"पहिल्या खेपेला. तिथली बाई म्हणाली, तुमचा फोटो चांगला आलाय. शिक्का मारणारी बाई, काका!"

'साहेब'चा 'काका' कधी झाला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं.

"आता बायको आणि दोन मुलींचे काढायचेत. शाळेला लागतात. उद्या आणू?"

"आणा. पण थांबा." काका कागद-पेन्सिल शोधत होते. "मुली रंगानं कशा आहेत?"

संगणकावरचे काकूंचे हात थांबले. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवरच आवरलं गेलं. घर भाड्यानं बघताना, शाळेत, दवाखान्यात, हा प्रश्न त्याला वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच ठिकाणी विचारला गेला असावा. त्यानं काकांकडे पाहिलं.

काकांना त्यातलं काही दिसलं नाही. ते दिव्याशी उकिडवे बसून वितीनं अंतर मोजत होते.

"नाही, म्हणजे एक तुमच्यासारखी असेल आणि दुसरी उजळ, तर दोघींना एका उजेडात बसवून चालणार नाही. एक तरी बिघडेल. आधी सांगितलंत तर मी सकाळीच लावून ठेवतो. पोरींना तुमच्यासारखं दोन तास ताटकळत बसवायचं का?"

ड्रायव्हरनं काकांच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"थोरली माझ्यासारखी," ड्रायव्हर सावकाश म्हणाला. "अगदी माझ्यासारखी. धाकटी जरा तांबूस."

"तांबूस," काकांनी लिहून घेतलं. "आणि त्यांची आई?"

"तिचं सांगणं कठीण आहे." आता तो टेबलाला टेकून उभा राहिला, घरच्यासारखा. "उन्हात वेगळी दिसते, रागात वेगळी. चौदा वर्षं बघतोय, मला अजून ठरवता आलेलं नाही."

काकांनी कागदावर 'आई' लिहून पुढची जागा कोरी सोडली.

"राहू दे मग," ते म्हणाले. "त्या आल्या की बघूनच ठरवू."