नागोबाची कात

“आजपासून जगातले दवाखाने बंद!” गडमुडशिंगी गावच्या मांडवात कातबाबांचे भक्त हंबीरराव यांनी माइकवरून घोषणा केली. ओरडून घसा बसला, तेव्हा चौकातल्या दवाखान्यातून गोळी मागवली.

मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांवर कातबाबा नागोबाची कात लावत. ती जखमेत विरून जाई, आणि चौघांना खरोखर गुण आला होता. पथ्यं दोनच: एकवीस दिवस मासमच्छी वर्ज्य, आणि पट्टी सोडायची नाही. नाग कोपतो.

आकाराम गुऱ्हाळावरचा गुळव्या. दिवसभर रस आटवायच्या काहिलीपाशी उभं राहायचं, म्हणजे पाय गेला की पोट गेलं. पट्टी बांधून चौदा दिवस झाले होते. वास शेजारच्या गल्लीत पोचला होता.

“इख उतरतंय,” बाबा म्हणाले. आकारामच्या बायकोनं, बयाबाईनं, नाकाला पदर लावून मान डोलावली.

तेवढ्यात आदिती आली. ती कोल्हापुरात जखमेच्या पट्ट्यांवर संशोधन करते. बाबांना बघून म्हणाली, “नमस्कार, अकरा नंबर! चाचणीला परत आलाच नाही तुम्ही?”

बाबा मंत्र विसरले.

“यांचा पाय आमच्या पट्टीनं बरा झाला,” आदिती गर्दीला म्हणाली. “घरी फुकट दिलेल्यातल्या उरल्या त्या यांनी तुमच्यातल्या चौघांना चिकटवल्या. कोळंबीच्या कवचातला पदार्थ आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण. जखमेतलं पाणी शोषून त्याची जेली होते. नाग कुठला आलाय?”

मांडवात हाहाकार उडाला. “कोळंबी? आन् पथ्याच्या दिसात?”

“बाटवलं की गं आमाला!”

पायाचं कुणी विचारलं नाही. आदितीनं आकारामची पट्टी कापली. खऱ्या पट्ट्या चौघांतच संपल्या होत्या; आत उदबत्तीच्या पुड्याचा प्लास्टिक कागद होता. नागोबाच्या कातीवर छापलं होतं, ‘अस्सल मोगरा’. खाली दोन बोटं काळी पडलेली.

“आमची पट्टीही जादू नाही,” आदिती म्हणाली. “ती वेळेवर बदलावी लागते, साखर आटोक्यात लागते. जखम उघडून बघा. आणि पुरावा मागा, माझ्याकडंसुद्धा.”

“गुण असता तर फुकट वाटली असती व्हय?” हंबीररावांनी पुरावा मागितला.

दवाखान्यात आकारामची दोन्ही बोटं कापली. पाय वाचला. जखमेवर लावायला आदितीनं नवी पट्टी उघडली, तसा बयाबाईनं तिचा हात धरला.

“म्याडम, लावा की. पर आधी बाबांच्या चरणाला शिवून आणू का? लांब न्हाय, पोलीस चौकीतच हाईत.”