लाल रेघेच्या खाली

मी एक जुना किरणमापक आहे. पत्र्याची करडी पेटी, वर धरायला मूठ, समोर काचेखाली आखलेल्या घरांवरून फिरणारा एक काटा आणि वेटोळ्या वायरीच्या टोकाला एक नळी, एवढेच माझे शरीर. ती नळी म्हणजे माझे नाक समजा. तुम्हाला फुलाचा वास येतो, मला किरणांचा येतो. किरण थोडे असले की मी सावकाश टिक, टिक करतो. पुष्कळ असले की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजतो. घाबरू नका मित्रांनो, थोडेसे किरण सगळीकडेच असतात. दगडांत असतात, आकाशातून येतात. मला तुमच्या शाळेच्या पायरीवर ठेवलेत तरी मी अधूनमधून टिक म्हणेनच.

एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईंनी चिमट्याने धरून माझा काटा बसवला. तो बसेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता. मग परीक्षकाने मला ठरलेल्या किरणांसमोर ठेवले, आकडा ताडून पाहिला आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवून म्हणाला, "पास. आता आयुष्यभर खोटं बोलायचं नाही." तेव्हापासून दरवर्षी माझी अशी परीक्षा होते. तुमच्या शाळेतल्या परीक्षा कधीतरी संपतात, माझ्या संपत नाहीत.

तिथून मी एका इस्पितळात आलो. लांब व्हरांड्याच्या शेवटी एक खोली होती. तिच्या भिंती हातभर जाड, दार शिशाचा पत्रा घातलेले आणि बाजूला जाड काचेची खिडकी. खोलीतल्या माणसाशी बोलायला बाहेर भिंतीवर एक फोन होता. त्या फोनशेजारच्या खुंटीवर मी टांगलेला असे.

तिथे काय चाले ते सांगतो. आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला आयोडीन फार आवडते. या ग्रंथीत कधी कर्करोगाची गाठ झाली, तर डॉक्टर ती ग्रंथी कापून काढतात. तरी एखादा कण मागे उरतोच. मग रोग्याला किरण टाकणाऱ्या आयोडीनची गोळी देतात. उरलेला कण सवयीने ते आयोडीन खातो आणि त्यातच संपतो. पण गोळी घेतलेल्या माणसाच्या अंगातून काही दिवस किरण बाहेर पडतात. दुसऱ्यांना ते लागू नयेत म्हणून त्याला त्या खोलीत एकट्याने राहावे लागते. पाणी भरपूर प्यायचे, म्हणजे नको असलेले आयोडीन लघवीवाटे निघून जाते.

मला हाताळणारे गृहस्थ होते मोजणीमास्तर. हे नाव त्यांना परिचारिकांनी ठेवले होते. रोज सकाळी आणि संध्याकाळी मास्तर मला घेऊन आत जात, रोग्यापासून मीटरभर अंतरावर आखलेल्या पिवळ्या पट्टीवर उभे राहत आणि माझा काटा पाहत. काटा काचेवरच्या लाल रेघेखाली आला, की रोगी घरी. किती माणसांनी माझ्याकडे निकालाच्या फळ्याकडे पाहावे तसे पाहिले! एका आजोबांनी जाताना मला नमस्कारच केला होता.

पुढे नवे यंत्र आले. त्याच्यावर उजेडाचे आकडे उमटत. मी खणात गेलो आणि दोन वर्षे तिथेच राहिलो. पोटातली बॅटरी काढून ठेवायला कोणाला सुचले नाही, ती पाझरली आणि माझ्या आतल्या तारा हिरव्या पडल्या. निवृत्तीला आलेल्या मास्तरांना मी एकदा झाडू शोधताना सापडलो. त्यांनी जुन्या टूथब्रशने मला स्वच्छ केले, परीक्षेला पाठवले आणि पुन्हा खुंटीवर लावले. "दोघं म्हातारे मिळून काम करू," एवढेच ते म्हणाले.

आणि मग एका सोमवारी चावीवाली आली.

ती शहराच्या पाणीखात्यात होती. रस्त्याखालच्या जलवाहिन्यांच्या मोठ्या चाव्या उघडायच्या आणि बंद करायच्या, हे तिचे काम. म्हणून सगळे तिला चावीवाली म्हणत. टेकडीवरच्या वस्तीला बारा वर्षे नळ नव्हता. तिथवर नवी वाहिनी टाकली होती, पण मधला एक तुकडा जुनाच होता. पाणी सोडायचा प्रयत्न दोनदा झाला आणि दोन्ही वेळा घाईने चावी फिरवल्याने त्या तुकड्याचे सांधे फुटले. आता शेवटचा प्रयत्न शुक्रवारी सकाळी दहाला ठरला होता. त्यासाठी सगळ्या शहराचे पाणी दोन तास बंद ठेवणार होते. तो दिवस हुकला की पुन्हा तीन महिने थांबायचे.

"मी नसले तर आमचा दुसरा गडी चावी फिरवील," ती मास्तरांना म्हणाली. "फोडणारा तोच. त्याला चावी दिली की सायकलचं पॅडल मारल्यासारखं करतो. मला शुक्रवारी सोडाल ना?"

"मी कोण सोडणार? हा सोडेल," मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

तिने गोळी गिळली, दार लागले. गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ग्रंथीऐवजी रोज घ्यायच्या तिच्या गोळ्या या उपचारासाठी काही आठवडे बंद होत्या, त्यामुळे ती आधीच दमलेली होती आणि तिला सारखी थंडी वाजे. पहिल्याच संध्याकाळी मळमळ सुरू झाली. तोंडाला पत्र्याची चव आली. जेवणाचे ताट दाराच्या झरोक्यातून आत जाई, आणि आत गेलेली वस्तू तपासल्याशिवाय बाहेर येत नसे.

मंगळवारी तिचा नवरा आठ वर्षांच्या लेकीला घेऊन खिडकीशी आला. तो केस कापायचे दुकान चालवतो आणि दुकानात त्याच्या तोंडाला कात्रीपेक्षा जास्त काम असते.

"गिऱ्हाईकं विचारतायत, घरी बायको नाही तर तुम्ही गप्प का," तो फोनवर म्हणाला. "म्हटलं, भांडायला कोणी नसलं की माणूस सुकतो."

लेकीने फोन ओढून घेतला. "आई, तू अंधारात चमकतेस का गं?"

"चमकत असते तर तुझ्या बाबांनी मला दुकानाच्या पाटीवर टांगलं असतं."

तिघेही हसले. ती दोघे गेल्यावर मात्र चावीवाली बराच वेळ काचेला कपाळ टेकून उभी राहिली. मी वाजलो नाही, काच जाड होती.

बुधवारी सकाळी मास्तर मला घेऊन आत गेले. एव्हाना काटा अर्ध्यावर यायला हवा होता. तो मंगळवारच्या जागेवरून जेमतेम दोन घरे खाली आला होता. मास्तरांनी मला टिचकी मारली. पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

बाहेर आल्यावर तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका, पण हे तुमचं जुनं धूड आता भंगारात द्या."

मित्रांनो, खरे सांगतो, मला स्वतःचीच शंका आली. हिरव्या पडलेल्या तारा पुन्हा दगा देत असतील का? माझ्यामुळे टेकडीवरच्या घरांना पाणी मिळणार नाही का? मास्तर नवे यंत्र घेऊन आत गेले. त्याच्यावर उजेडाचा जो आकडा उमटला, तोच माझ्या काट्याने दाखवला होता.

"म्हातारा खरं बोलतोय," मास्तर म्हणाले. "मग चुकतंय काय?"

ते फोनशी उभे राहिले आणि काचेतून तिच्याकडे नीट पाहू लागले. तिचे ओठ फाटले होते. कानाखाली दोन्ही गाल सुजले होते.

"ताई, पाणी किती प्यालात?"

तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

"ताई, तुम्हालाच विचारतोय."

"दीड बाटली."

"सकाळपासून?"

"सोमवारपासून."

तिच्या खोलीत बारा बाटल्या गेल्या होत्या. रिकाम्या बाटल्या रोगी घरी जाईपर्यंत बाहेर येत नसत, त्यामुळे मोजणार कोण? भरलेल्या तिने कपाटाच्या तळाशी ओळीने लावून ठेवल्या होत्या.

"अहो, पण का?" मास्तरांचा आवाज चढला. "उलटी होते म्हणून?"

"मळमळ मी गिळली असती, मास्तर. पण तुमच्या इस्पितळाचं सांडपाणी कुठे जातं ते मला पाठ आहे. पुलाखालच्या नाल्यात. नाला नदीत. त्या नदीचं पाणी शुद्ध करून खालच्या गावांना कोण सोडतं? मी सोडते. तिथल्या गाळण्या माती धरतात, तुमचे किरण नाही धरत. मी लवकर सुटावं म्हणून हे त्या गावांतल्या पोरांच्या पोटात घालू?"

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही का, सगळं सुरक्षित आहे म्हणून?"

"सांगितलं की. आमचं खातंही लोकांना असंच सांगतं."

मास्तरांना हसू आवरेना. आपल्या सुटकेवर पाणी सोडायला तयार असलेली, पण दुसऱ्यांच्या पाण्याला जपणारी ही बाई आमच्या व्हरांड्याला नवीनच होती. तिला शब्दांनी पटणार नव्हते. मास्तर खाली गेले आणि धूळ झटकत एक गुंडाळी घेऊन आले. तो त्या खोलीच्या नळांचा नकाशा होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी काचेला लावून धरला. चावीवाली आतून बोट फिरवत वाचू लागली, आणि आतापर्यंत मलूल झालेल्या तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"या खोलीची नळी वेगळी आहे?"

"वेगळी. ती नाल्याला जात नाही. जमिनीखाली दोन बंद टाक्या आहेत, त्यांत जाते. एक भरली की दुसरी."

"भरून वाहिली तर?"

"वरची नळी दुसऱ्या टाकीतच उतरते. ही बघा."

"हो, दिसली. मग रिकामी कधी करता?"

"या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा. कित्येक महिने तसंच ठेवतो. मग मोजतो आणि मगच सोडतो."

"चावी कोणाकडे?"

"माझ्याकडे. कुलूपही माझं."

"आणि मोजतं कोण?"

मास्तरांनी मला खुंटीवरून काढून काचेसमोर धरले. "हा."

तिने माझ्याकडे पाहिले. मग कपाटातून एक बाटली काढली, झाकण उघडले आणि आमच्यासमोर ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. "लाईन बरोबर टाकलीय," बाटली खाली ठेवत ती म्हणाली. पाणीखात्याच्या माणसाची याहून मोठी शाबासकी नसते.

त्या दिवसापासून ती तासाला पेलाभर पाणी पिऊ लागली. गालांची सूज उतरावी म्हणून आंबट गोळ्या चघळू लागली, गाल कानाकडून पुढे चोळू लागली. दोनदा उलटी झाली. तोंड पुसून तिने पुन्हा पेला भरला. एकटेपणावरही तिने तोड काढली. खोलीत पलंगापासून दारापर्यंत फेऱ्या घालताना ती टेकडीची सगळी वाहिनी तोंडपाठ म्हणे, वळणे, सांधे, चढ, सगळे. गुरुवारी सकाळी माझा काटा धाडकन खाली आला. संध्याकाळी तो रेघेच्या वर दोन घरांवर होता.

"उद्या सात वाजता," मास्तर म्हणाले. "त्याआधी नाही आणि या काट्यापुढे वशिलाही चालत नाही."

शुक्रवारी सातला मास्तर पिवळ्या पट्टीवर उभे राहिले. ती पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. माझी टिकटिक सावकाश होत गेली, आणि काटा रेघेखाली, चांगला घरभर खाली जाऊन थांबला. डॉक्टरीणबाईंनी सूचना सांगितल्या. काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायचे, वेगळे झोपायचे, कोणाच्या फार जवळ थांबायचे नाही. "चावी फिरवताना तरी कोण जवळ असतं?" ती म्हणाली.

दहा वाजता मी टेबलावर होतो आणि माझ्याशेजारी मास्तरांचा फोन मोठ्याने चालू होता. पलीकडून तिचा नवरा जे दिसे ते सांगत होता.

"मास्तर, दोर बांधून लोकांना लांब उभं केलंय. ही एकटी चावीच्या खड्ड्याशी. तो गडी म्हणतोय, मी मदत करतो. ही म्हणते, जवळ आलास तर किरण लागतील. एकदम चार पावलं मागे गेला बघा!"

मग, "एक आटा फिरला. थांबलीय. दम लागलाय तिला. चावीवर कान ठेवून ऐकतेय... दुसरा."

सव्वीस आट्यांची चावी होती. ती प्रत्येक आट्याला थांबली. जुन्या तुकड्यातली हवा आधी निघू दिली, मग पाणी. नवऱ्याची बडबड हळूहळू बंद पडली. आता तो नुसते आटे मोजत होता. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांचे कामावर लक्ष नव्हते.

"सव्वीस," तो हळूच म्हणाला. "सांधे कोरडे आहेत."

आणि मग टेकडीवरून, नळाशी थांबलेल्या लेकीचा आवाज खालपर्यंत आला, "आई, आलं! आधी लाल आलं, आता पांढरं आलं! माझी बादली भरली!" मागोमाग सगळ्या वस्तीचा असा गलका झाला, की फोन टेबलावर थरथरला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मी टिक म्हटले.

सहा महिन्यांनी ती तपासणीला आली. गळ्यात एकही कण उरला नव्हता. तोंड अजून थोडे कोरडे पडते, म्हणून पाण्याची बाटली खांद्याला असते, आणि ती रिकामी असते असे कोणी म्हणू शकणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे घरात पडून असली तर त्यांच्या पोटातली बॅटरी काढून ठेवा आणि नको असलेला आकडा दाखवला म्हणून त्यांना टिचक्या मारू नका. आणि तुमच्या ओळखीचे कोणी अशा खोलीत एकटे असेल, तर काचेपलीकडून त्याच्याशी बोला. ते घरी आले की सांगितले तेवढे दिवस अंतर ठेवा, त्याहून एक दिवसही जास्त नको. ती माणसे सांगितलेले ऐकत नाहीत असे दिसले, तर रागावण्याआधी का ते विचारा. कदाचित ती तुमच्याच पिण्याच्या पाण्याची काळजी करत असतील.

टेकडीवरच्या नळाला आजही रोज सकाळी पाणी येते.