सात नंबरची गाडी आणि मधलं तळं

आमच्या नगरात एकही रस्ता वाकडा नाही. तो वाकडा होऊ नये म्हणून मला पगार मिळतो. ऑफिसात मला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते मनातून आवडतं. नगरातल्या सगळ्या बसमार्गांचं जाळं मी आखलं. ‘कुठूनही कुठेही, फक्त एकदा गाडी बदलून’ हे प्रत्येक थांब्यावर लिहिलेलं वाक्यही माझंच. त्यावर मी चार ठिकाणी भाषणं ठोकली आहेत. आता एवढा मोठा माणूस बसने कशाला फिरेल? मी ऑफिसच्या गाडीने फिरतो.

महिन्यापूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मोठ्या इस्पितळातून तिला नगराच्या दुसऱ्या टोकाला, व्यायाम आणि बोलणं शिकवणाऱ्या इस्पितळात हलवलं. तिथे भेटीच्या वेळा दोन, सकाळी आठ ते साडेआठ आणि दुपारी चार ते साडेचार. एका वेळी एकच माणूस. बाबा म्हणाले, “सकाळी तू जा, ऑफिसच्या वाटेवर आहे. चारला मी जाईन.”

“गाडी पाठवू?”

“पोराने आखलेली बस दारात असताना गाडी कशाला?” बाबांनी चाळीस वर्षं बस चालवली आहे. पोरगा बसवाल्यांचा साहेब झाला, हे त्यांनी न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय.

तर असं ठरलं. रोज सकाळी आई डाव्या हाताने माझी बाही धरायची आणि मोठ्या कष्टाने विचारायची, “हे?”

“अगं, काल चारला येऊन गेले ना!”

ती मान हलवायची. नाही म्हणायची.

मी हसून सांगायचो, “आले होते गं. तू विसरतेस.”

चौथ्या दिवशी मला काळजी वाटायला लागली. मी डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि शहाण्यासारखं सांगितलं, की आईच्या स्मरणशक्तीवर परिणाम झालेला दिसतो, नवरा भेटून गेलेला तिला आठवत नाही. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. पुढच्या सोमवारी आईला घरी सोडणार होते, ते रद्द झालं. आधी मेंदूच्या तपासण्या करू, मग बघू, म्हणाल्या. इतक्या बारकाईने निरीक्षण केल्याबद्दल त्यांनी माझं कौतुकही केलं. मी तेही ठेवून घेतलं.

दहाव्या दिवशी आमच्या खात्याने ‘बस दिवस’ काढला. सगळ्या अधिकाऱ्यांनी बसने प्रवास करायचा आणि फोटो पाठवायचा. म्हटलं, बाबांबरोबर इस्पितळापर्यंत जाऊन येऊ, फोटोही चांगला येईल, बापलेक वगैरे. तीन दहाची गाडी आली आणि मी ऐटीत पुढच्या दाराने चढायला गेलो. ड्रायव्हर खेकसला, “ओ काका, हे उतरायचं दार!” बाबांनी मला दंडाला धरून मागे नेलं. माझ्याकडे कार्ड नव्हतं. बाबांनीच आपलं कार्ड यंत्राला दोनदा टेकवलं.

तीन चाळीसला मधल्या चौकात उतरलो. सात नंबरची गाडी समोरच उभी दिसत होती, सुटायला पाच मिनिटं. “बघा!” मी छाती फुगवून म्हणालो, “चार मिनिटं चालायला, एक मिनिट हाताशी. हिशोब आहे हा.”

बाबा तरातरा चालायला लागले, पण समोर नाही, डावीकडे.

कारण समोर तळं होतं.

हे तळं मला माहीत नव्हतं असं नाही. तीन वर्षांपूर्वी उद्यान विभागाची फाइल माझ्याकडे आली होती. चौकाच्या मधोमध कारंजं, भोवती तळं. ‘हरकत नाही’ असं लिहून मी सही ठोकली, वर तळ्याभोवती कठडा उंच असावा अशी सूचनाही केली. पण माझ्या नकाशावर एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतची ठिपक्यांची रेघ तशीच सरळ राहिली आणि तिच्यावरून धरलेली चार मिनिटंही. तीन वर्षं अख्खं नगर पाण्यावरून चालत जातंय असं धरून मी वेळापत्रक छापत होतो.

कठड्याला वळसा घालून आम्ही धापा टाकत निम्म्यावर पोचलो आणि सात नंबर निघून गेली. अगदी वेळेवर. वक्तशीर चालकांना बक्षीस द्यायची योजनाही माझीच.

“आता पुढची सव्वाचारला,” बाबा म्हणाले. घड्याळ न बघता म्हणाले.

“मग तुम्ही घरून आधीच्या गाडीने का नाही निघत?”

“एक ते तीन आपल्याकडे गाड्या बंद असतात.”

खरंच की. दुपारी प्रवासी कमी असतात, असा अहवाल मीच दिला होता.

इस्पितळाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चार पस्तीस झाले होते. मी रखवालदाराला ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, “साहेब, वेळ म्हणजे वेळ. तुमची बस थांबते का कुणासाठी?” मग माझ्या मागे बघून त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “आजोबा, या. आज मुलगा पण आला होय सोबत?” त्याने बाकावरचं आपलं जर्किन उचललं आणि बाबांना जागा करून दिली.

बाबा रोजच्या सवयीने बसले.

“बाबा, नऊ दिवस तुम्ही इथेच बसताय?”

“पाचच्या गाडीपर्यंत. पहिल्या दिवशी वाटलं, मीच हळू चाललो. दुसऱ्या दिवशी पळालो.”

“पण तुम्ही तर घरी येऊन सांगायचात, भेटलो, बरी आहे म्हणून!”

“सकाळी तूच सांगायचास ना, बरी आहे म्हणून. तेच संध्याकाळी तुला परत सांगायचो.” ते बूट न्याहाळत म्हणाले, “काय सांगणार होतो तुला? तुझी बस मिळत नाही म्हणून? गावभर तुझं कौतुक सांगून बसलोय मी.”

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आई इतके दिवस खरं बोलत होती. मी तिला रोज सकाळी, हसत हसत, वेडी ठरवत होतो.

बाबांना पाचच्या गाडीत बसवून मी थेट ऑफिसात गेलो. सात नंबर दुपारभर चौकात सात मिनिटं जास्त थांबेल, असा हुकूम काढला. कारणाच्या रकान्याशी वरिष्ठ अडखळले. म्हणाले, “वाढती प्रवासीसंख्या लिहा ना, बरं दिसतं.” मी लिहिलं, ‘नियोजनकाराने तळं विचारात घेतलं नाही.’ त्यांनी विचारलं, “कोण नियोजनकार?” मी म्हटलं, “मीच की, साहेब.” त्यांनी कपाळाला हात लावला, पण सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे विसरायचा आजार आईंना नाही.” त्यांनी कागदावरची ती ओळ खोडली आणि सोमवार पुन्हा लिहिला. मी खाली मान घालून वॉर्डात गेलो.

आईने बाही धरली. आज तिने विचारलं नाही. माझ्याकडे बघत, एकेक शब्द जुळवत, शिकवलेला धडा म्हणावा तशी म्हणाली, “हे… येतात. मी… विसरते.”

मला रडू कोसळलं. “नाही गं आई. ते आत आलेच नाहीत. एकदाही नाही. रोज फाटकापर्यंत यायचे, तेव्हा वेळ संपलेली असायची. माझ्या बसमुळे. तू काही विसरली नव्हतीस.”

मग तिच्या तोंडून, महिनाभरात निघाला नव्हता इतका खणखणीत शब्द निघाला.

“गाढवा!”

शेजारच्या खाटेवरच्या बाईसुद्धा वळून बघायला लागल्या. मी डोळे पुसत म्हटलं, “आज चारला येतील. नक्की. गाडी थांबणार आहे.”

तिने डावा हात उशीखाली घातला, चाचपडत कंगवा काढला आणि माझ्यापुढे धरला. डोक्याकडे बोट दाखवलं. मी तिचे केस विंचरायला घेतले. तीनदा भांग पाडला, तिन्ही वेळा वाकडाच आला. तिने खाटेशेजारच्या छोट्या आरशात बघितलं आणि म्हणाली, “असू दे.”