सात इरल्यांची शेती

मुरबाडच्या पल्याड सावळाराम भाऊंची सामुदायिक शेती होती. चळवळीच्या भरात वीस माणसं तिथं घाम गाळायची. मग गावातली शाळा ओस पडली, पिठाची गिरणी थंडावली, तरणी पोरं कल्याणच्या जीपा धरून गेली ती गेलीच. दोन हजार तीन साली उरले दोघं: भाऊ आणि धोंडीबाई. त्या तीन एकरांतले दगड धोंडीबाईनं पंधरा वर्षं डोईवरून वाहिले होते. जमीन मात्र मुंबईच्या एका संस्थेची, आणि अट अशी की लावणीला सात सभासद चिखलात दिसले नाहीत तर जमीन परत.

आषाढात संस्थेचा निरोप आला, उद्या साहेब मोजायला येतायत.

धोंडीबाईनं डोकं चालवलं. लावणीत वाकलेलं माणूस मागून कसं दिसतं? वर पानांचं इरलं, खाली दोन काटकुळे पाय. बस. तिनं सुनील, संजीवनी नि सोडून गेलेल्या बाकीच्यांची पाच इरली माळ्यावरून काढली, बांबूंवर बसवली आणि खाचरात ओळीनं रोवली.

भाऊ खवळले. "आपल्या शेतावर खोटं चालनार नाय!"

"मंग जाऊ द्या जमीन."

भाऊंनी मिशी चावली. "थांब गो. ठराव करू."

बांधावर सभा झाली. पाचही इरल्यांना रीतसर सभासद करून घेतलं. विरोधात एकही हात वर झाला नाही.

"आता ती खोटी नायत," भाऊ म्हणाले. "पन सभासदाला च्या द्यायचा, नियम हाय."

धोंडीबाईनं सात कप मांडले. दोन रिकामे झाले, पाच तिनं परत टोपात ओतले.

दुसऱ्या दिवशी शेखर साहेब जीपमधून उतरले. छत्रीखाली उभं राहून त्यांनी समतेवर दीड तास भाषण केलं. पाच जण हललेसुद्धा नाहीत. साहेबांचे डोळे पाणावले. "काय ही शिस्त! आमच्या शहापूरच्या शेतावर सभासद नुसते बोलतात." ते चिखलात उतरले, एका इरल्याखाली हात घालून हात मिळवला. "अरेरे, कष्टानं नुसता बांबू झालाय!"

आणि तिथल्या तिथं त्यांनी त्या पाचांतल्या दोघांची शहापूरला बदली केली. ड्रायव्हर रामूनं दोघांना उचलून मागच्या सीटवर बसवलं.

"सायेब, यांना वजनच नाय!"

"जेवण वाढवू," म्हणत साहेबांनी वही उघडली. "एक, दोन... पाच. दोन कमी. जमीन परत घ्यावी लागेल."

धोंडीबाईच्या पायाखालचा चिखल सरकला. "अवो, तुमीच नेले ना दोगं!"

"बदली झालेले मोजत नाहीत. मी नियमाचा माणूस."

"नियमाचा?" तिनं पदर खोचला. "भाऊ, सभा घ्या!"

भाऊंनी ठराव मांडला, तिनं अनुमोदन दिलं: रिकाम्या दोन जागांवर साहेब आणि रामू. विरोधात पुन्हा कुणीच नाही. साहेब तोंड उघडतात तोवर त्यांच्या डोक्यावर गोणीची खोळ आणि हातात रोपांची जुडी आली.

"अहो, पण मला मोजायचंय!"

"मोजा की. वाकून मोजा."

ठराव झालेला. नियमाचा माणूस तो मोडणार कसा? साहेब वाकले. संध्याकाळी त्यांनी स्वतःला धरून सात मोजले आणि चिखलाच्या बोटांनी सही केली.

धोंडीबाईनं पुन्हा सात कप मांडले. भाऊ, साहेब, रामू आणि ती. चार रिकामे व्हायला हवे होते. पाच झाले.

पाचवा संजीवनीच्या इरल्यापुढचा. धोंडीबाईनं डोळे बारीक करून इरल्याकडं पाहिलं, मग कप पुन्हा भरला.

"साकर पुरली ना गो?"