औटकीच्या पुढे

डोणगावात दिवेलागण झाली की घराघरांतून परवच्याचा गलका उठायचा. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी. सरकारने नवे पैसे आणले, पायली जाऊन किलो आला, पण उत्तमराव गुरुजींनी औटकी काही सोडली नाही. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनचा पाढा म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

दयारामच्या घरात परवचा म्हणणारी एकटी कोकिळा. बायको रुखमाबाई गेल्यापासून बाप-लेक दोघंच उरले होते. बाप चुलीपुढे भाकरी थापायचा, लेक कंदिलापाशी बसून पाढे म्हणायची, आणि औटकी आली की नेमकी पाच औटला अडायची. ती अडली की दयाराम पिठाचे हात झटकून म्हणायचा, "राहू दे, माय. आपल्या घरात गनित कोनालेच आलं नाई. तुह्या आज्याले नाई, मले नाई. चाल, जेव." मग तिच्या भाकरीवर तेल जरा जास्तच पडायचं.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दयारामच्या ज्या बापाला स्वतःला औटकी येत नव्हती, त्याच बापाने औटकीपायी त्याला शिंदीच्या फोकाने झोडपलं होतं. आपल्या लेकराच्या डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, एवढं दयारामने तेव्हाच मनाशी बांधून ठेवलं. वेडी माया म्हणतात ती हीच. लेकराच्या वाटेतला काटा उचलायला गेला आणि हा शहाणा वाटच उचलून बसला. पण हे त्याला सांगणार कोण? गावात त्याचं बोलणं-चालणं तसंही कमीच होतं.

सातवीची परीक्षा जवळ आली तेव्हा गुरुजींनी त्याला शाळेत बोलावलं.

"पोरगी हुशार आहे, दयाराम. मेहकरच्या हायस्कुलात जायच्या लायकीची आहे. पण गणितात पुढे सरकत नाही."

"ते नाई यायचं, गुरुजी. आमच्या घरात..."

"थांब जरा. ती अडत नाही रे, थांबते. अवघड आलं की पाटी खाली ठेवते आणि दाराकडे पाहत बसते. बाकीची पोरं माझ्या छडीकडे पाहतात. ही कोणाची वाट पाहते?"

कोणाची ते दयारामला पक्कं ठाऊक होतं.

घरी येताना तो मेहकरचाच विचार करत होता. मेहकरला त्याची बहीण सुभद्राबाई राहत होती. पोरगी पास झाली तर आत्याकडे राहणार. मग भाकरी कोणासाठी थापायची? नापास झाली तर काय बिघडतं, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं, आणि स्वतःचीच त्याला अशी लाज वाटली की समोरून येणाऱ्या रज्जाकभाईचा रामराम घ्यायचंही राहून गेलं.

त्या संध्याकाळी त्याने चूल पेटवलीच नाही. कंदिलापाशी लेकीसमोर येऊन बसला.

"म्हन."

"एक औट औट. दोन औट सात. तीन औट साडेधा. चार औट चौदा. पाच औट..."

कोकिळा थांबली. तिने वर बापाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काळजी म्हणून नव्हती. रोजचे दोन शब्द आता येतील म्हणून ती निवांत बसून राहिली. दयारामच्या जिभेवर ते आलेही होते. त्याने ओठ घट्ट मिटले.

"बा, मले नाई येत."

त्याने कंदिलाची वात जरा वर केली.

"आपल्या घरात कोनालेच येत नाई ना, बा?"

आपलंच बोलणं लेकीच्या तोंडून ऐकून त्याने मान खाली घातली. "मले येत नव्हतं असं नाई, माय," तो कसाबसा म्हणाला. "मी पुढं म्हनलंच नाई. तू पुन्ना म्हन."

पुन्हा ती पाचला अडली. पुन्हा त्याने तेच सांगितलं. तिचे डोळे भरून आले, आणि ज्या पाण्याला तो जन्मभर भ्यायला ते पाणी समोर गालांवरून ओघळलं तरी तो जागचा हलला नाही. बापाच्या जिवाचं काय झालं असेल ते बापच जाणे. कोकिळेने नाक पुसलं, रागारागाने बोटं पुढे धरली. चौदा. त्यात तीन. त्यात अर्धा.

"साडेसतरा?"

बरोबर की चूक हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक! "त्याच्यापुढं?" एवढंच त्याने विचारलं.

"साडेसतरा, अठरा... एकईस. सहा औट एकईस!" पोरगी आता थांबेना. धा औट पस्तीसपर्यंत जाऊन पोचली आणि मैत्रिणीला सांगायला तशीच बाहेर पळाली. थंड चुलीपाशी बसून दयाराम कितीतरी वेळ रडला.

कोकिळा सातवी पास झाली, आणि शाळा उघडायच्या वेळेला त्याने तिला मेहकरच्या मोटारीत बसवून दिलं. ती खिडकीतून हात हलवत होती. याने हात वर केला, तो मोटार दिसेनाशी झाली तरी खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

त्या दिवशी दिवे लागले तसा गल्लीत परवचा सुरू झाला. त्याच्या घरात कंदील होता आणि तो होता. भाकऱ्या सवयीने दोघांच्या झाल्या होत्या. घर खायला उठलं तेव्हा तो भिंतीला टेकून पुटपुटायला लागला. एक औट औट. दोन औट सात. तीन औट, चार औट करत पाचापाशी आला आणि अडला. त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं.

राहू दे म्हणणारं घरात कोणीच नव्हतं. दयारामने बोटं पुढे धरली आणि चौदात तीन मिळवायला घेतले.