काचपेटीखालच्या पट्ट्या

विब्के चोखे आमच्या ड्रेस्डेनच्या प्रयोगशाळेत पट्ट्या बनवायची. केसाइतके बारीक सिरॅमिकचे तंतू शेजारीशेजारी मांडायचे, राळेत बसवायचे आणि वरखाली तांब्याच्या रेघांचा पातळ पापुद्रा चिकटवायचा. वीज दिली की पट्टी किंचित लांबते, काढली की आखडते. डोळ्यांना दिसत नाही, पण ज्या पत्र्याला चिकटवली असेल त्याला ती वाकवते. विमानांच्या पंखांची थरथर अशा पट्ट्यांनी थोपवायचं आमचं काम. विब्केला मात्र त्या रुग्णवाहिकेत हव्या होत्या.

तिची भाची अपुऱ्या दिवसांची जन्मली, तेव्हा तिला शंभरेक किलोमीटरवरच्या ग्योर्लिट्झहून इन्क्युबेटरच्या काचपेटीत घालून इथं आणलं होतं. मुलगी वाचली. पण दगडी रस्त्यांवरच्या त्या हादऱ्यांचं बहिणीनं केलेलं वर्णन विब्केच्या डोक्यातून जाईना. तिनं रुग्णवाहिकेतल्या तशाच पेटीच्या तळाच्या पत्र्याला पट्ट्या लावल्या. हादरा आला की पट्ट्यांनी पत्रा उलट्या बाजूला ढकलायचा, अशी योजना.

पहिल्या चाचणीला इस्पितळाची परिचारिका माडलेना क्राल आली. बाउत्झेनकडची, जिभेला धार असलेली. अशा बाळांसोबत गाडीतून तीच यायची.

"चिकटपट्टीनं खड्डे बुजतात होय?" पेटीखाली वाकून बघत तिनं विचारलं.

"खड्डे नाही, धक्के," विब्के म्हणाली.

पेटीत बाळाच्या वजनाची बाहुली ठेवली. चालक रॉनीनं गाडी जुन्या शहरातल्या दगडी गल्लीत घातली. विब्केनं कळ दाबली आणि बाहुली आणखीच थडथडायला लागली.

"बंद करा ते आधी!" माडलेना ओरडली. "माझी बाळं यात झोपायचीत की घुसळून निघायचीत?"

"मी हळूच चालवतोय हं," पुढून रॉनी म्हणाला. "माझ्या नावावर खपवू नका."

आमचे प्रमुख विब्केला म्हणाले, पंखांकडे परत या. दोन दिवस तिनं चाचणीच्या नोंदी चाळल्या. मग रॉनीला गाठून म्हणाली, "आणखी एक फेरी माराल? पट्ट्या बंदच ठेवते. मला नुसतं हात घालून बसायचंय."

त्या फेरीत मीही होतो. पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून तिनं तळवा बाहुलीखाली ठेवला होता, डोळे मिटलेले. गल्ली संपेपर्यंत ती तशीच होती. मग एकदम हसली.

"पत्रा आधी हलतो, बाळ मागून," ती मला म्हणाली. "गादी मऊ आहे ना! आणि मी सगळं जुळवलं ते रिकाम्या पत्र्यावर. आपला धक्का उशिरा पोचतो, मग हादऱ्याला अडवायच्या ऐवजी त्याच्यातच भर घालतो."

हादरा टिपणारा संवेदक तिनं पत्र्यावरून काढून बाहुलीच्या डोक्याखाली, गादीत बसवला आणि सगळी जुळणी गादी-बाहुलीसकट नव्यानं केली. पुढच्या चाचणीत माडलेनानं रॉनीला तीच गल्ली पुन्हा घ्यायला लावली. बाहुली डुलत होती, पण थडथडत नव्हती.

खऱ्या बाळासाठी परवानगी मिळेपर्यंत वसंत उजाडला. ग्योर्लिट्झला एक मुलगी जन्मली, वजन किलोभरही नाही. अशा वेळी रॉनीची नेहमीच पंचाईत व्हायची: जोरात न्यावं तर हादरे, हळू न्यावं तर उशीर. या वेळी दगडी रस्ता आला तेव्हा माडलेनानं पेटीत पाहिलं आणि म्हणाली, "चल, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढू नकोस."

विब्के इस्पितळाच्या दारात केव्हाची उभी होती. बाळाला वर पोचवून माडलेना खाली आली, ती थेट तिच्याजवळ.

"कशी आहे?" विब्केनं विचारलं.

"झोपलीय. बाउत्झेनपासून, अर्ध्या वाटेपासून झोपलीय! गाडीत झोपलेलं बाळ मी आज पहिल्यांदा पाहिलं." तिनं विब्केचे दोन्ही हात धरले. "आणि आता हे अहो-जाहो पुरे. मला माडलेना म्हण."

"मी विब्के," ती कशीबशी म्हणाली.

तिथले मोठे डॉक्टर सावध माणूस. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण जाता जाता त्यांनी विचारलं, दुसऱ्या गाडीच्या पेटीलाही पट्ट्या कधी लावता येतील?

विब्केनं दुसऱ्याच दिवशी तंतू मांडायला घेतले.